सहा बुधवार आणि एक मंगळवार: वाशीतल्या एका बारमधल्या म्युझिक गेमच्या रात्री

(नावं, सेक्टर आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी जे घडलं ते माझ्या वहीवरून.)

पार्श्वभूमी

२०२३ साली अधिक महिना श्रावणातच आला. १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि १७ ऑगस्टला निज. गटारी उरकली आणि परमिट रूमवाल्यांपुढे सरळ दोन महिने उभे राहिले. अधिक पाळणारे कमी, निज पाळणारे जास्त. पण दोन्ही पाळणारेही निघतातच, आणि नेमके तेच रोजचे गिऱ्हाईक असतात.

ज्या बारबद्दल लिहितोय तो वाशीतल्या जुन्या इमारतीत आहे. तळाला परमिट रूम, पहिल्या मजल्यावर फॅमिली सेक्शन, त्याच्या वर राहती घरं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. जुलैच्या शेवटी एकदा आम्ही बसलो होतो तेव्हा रिकाम्या टेबलांकडे बघत ते म्हणाले, "पोरांनो, काहीतरी करा रे. वेटर मोबाइल बघून बघून आंधळे होतील."

आम्ही तिघे. एक ऐरोलीत आयटीत, त्याला गेमवाला म्हणू. दुसरा लग्न-गणपतीत साउंड लावणारा. तिसरा मी, मला यातलं काही येत नाही, म्हणून नंबर लावायची वही माझ्याकडे आली. गेमवाल्याच्या मावसभावाने अमेरिकेहून येताना 'रॉक बँड २'चा पूर्ण संच आणला होता: दोन प्लास्टिकच्या गिटारी, ड्रमसेट, माईक. तो प्लेस्टेशन ३ या गेमिंग कन्सोलवर चालायचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोस्टनजवळच्या हार्मोनिक्स कंपनीने २००५ साली 'गिटार हिरो' आणला आणि २००७ साली 'रॉक बँड'. पडद्यावरून रंगीत खुणा खाली सरकत येतात. गिटारच्या मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं. डाव्या हाताने रंग दाबायचा आणि खूण रेषेवर आली की उजव्या हाताने पट्टी हलवायची. ड्रमचे चार पॅड आणि पायाखाली एक पेडल. गाणारा सुरात आहे की नाही हे गेम माईकवरून ओळखतो. खरी गंमत अशी की तुमचा ठोका चुकला की गाण्यातलं तेवढं वाद्य गप्प होतं. कराओकेत बेसूर गायलं तरी ट्रॅक आपला चालूच राहतो. इथे चूक सगळ्या हॉलला ऐकू येते. अमेरिकेत बारमध्ये अशा रात्री भरायच्या हे गेमवाल्याला माहीत होतं. अण्णांना तेवढं पुरलं.

अडचण

अडचण एक नव्हती. एक सुटली की तिच्यामागची दिसायची.

२ ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी पाचसहा टेबलं होती आणि कुणालाच वाजवता येईना. गेमवाला घरी डोळे मिटून वाजवतो, तोही चुकत होता. आधी बटणांवर संशय घेतला, मग सेलवर. साउंडवाल्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हात आत्ता पडतोय, आवाज नंतर येतोय."

झालं होतं असं. बारमधले तीन टीव्ही एका स्प्लिटरवर, म्हणजे एकच चित्र सगळ्यांना वाटणाऱ्या डबीवर होते. मोठा टीव्ही चित्र सुंदर करून दाखवायच्या नादात ते उशिरा दाखवत होता, आणि आवाज आम्ही ब्लूटूथच्या स्पीकरवर सोडला होता. या गेममध्ये ठोका बरोबर धरायची मुभा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी असते. ब्लूटूथ एकटाच तेवढा उशीर खाऊन टाकतो. क्रिकेट बघताना हे कुणाला जाणवत नाही. ठोका धरायचा म्हटलं की जीव जातो.

९ ऑगस्टला हे सुटलं, गर्दी झाली, आणि दुसरी अडचण पुढे आली. कुठल्यातरी ग्रुपवर बातमी पोचली होती. पंधरावीस पोरं आली, सगळी तरबेज. पाच जणांत एक फ्रेंच फ्राइज आणि दोन मसाला सोडा. गिटार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, पण ग्रुपच्या बाहेर नाही. त्यांतली दोन-तीन पोरं ज्युनियर कॉलेजची निघाली. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या मुख्याने, वय विचारलं आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, आणि परमिट रूममध्ये कमी वयाचं पोर सापडलं तर त्याचा जाब अण्णांना द्यावा लागणार होता. कोपऱ्यातल्या टेबलावरचे दोन जुने गिऱ्हाईक, श्रावण न पाळणारे म्हणून अण्णांच्या दृष्टीने सोन्यासारखे, आवाजाला कंटाळून नऊलाच उठले.

रात्री हिशेब झाल्यावर अण्णा एवढंच म्हणाले: "गर्दी आहे, गल्ला नाही."

पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही जे काही केलं ते या वाक्याला उत्तर म्हणून.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ बंद करून कराओके लावण्याचा. अण्णांचा कल तिकडे होता, कारण मराठी-हिंदी गाणी. आमच्या गेममध्ये एकही मराठी गाणं नव्हतं, आणि "दादा, आपलं काही नाही का?" हा प्रश्न दर अर्ध्या तासाला यायचा. पण कराओकेच्या रात्री आसपास आधीच होत्या. शिवाय कराओकेत गाणारे तेच ते चौघे असतात हे साउंडवाल्याने दहा वर्षं पाहिलेलं.

दुसरा, प्रवेश फी. मी विरोध केला. फी घेऊन बक्षीस दिलं की तो करमणुकीचा कार्यक्रम होतो की पैशांचा खेळ, असे प्रश्न उभे राहतात, आणि परवानग्यांच्या त्या वाटेला एका श्रावणासाठी जाण्यात अर्थ नव्हता. हा निर्णय पाच मिनिटांत झाला आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

तिसरा, स्पर्धा. चार-चार जणांचे संघ, हरला तो बाहेर, जिंकणाऱ्याला जेवण फुकट. गेमवाला यावर फिदा होता. अण्णांनाही पटलं, कारण संघ म्हणजे चार माणसं आणि चार माणसं म्हणजे चार ताटं.

चौथा, खेळ वर फॅमिली सेक्शनमध्ये नेणं. वयाचा प्रश्न मिटतो, घरची माणसं येतात. पण वरच्या स्लॅबच्या पलीकडे लोकांच्या बेडरूम.

पाचवा पर्याय त्या दिवशी कुणाच्या डोक्यातच आला नाही. तो पुढे आपोआप आला.

काय केलं

आधी उशिराचं सांगतो, कारण अशी रात्र भरवायची असेल तर निम्मं काम तिथेच आहे. ब्लूटूथ काढून आवाज वायरने साउंडच्या मिक्सरला दिला. खेळणाऱ्यांसमोर एक टीव्ही थेट कन्सोलला जोडला, त्यावर गेम मोड, म्हणजे सजावट न करता चित्र लगेच दाखवायची सेटिंग, लावला. स्प्लिटरवरचे टीव्ही फक्त बघणाऱ्यांसाठी. मग दुपारी हॉल रिकामा असताना गेममधलंच कॅलिब्रेशन केलं. चित्राचा उशीर वेगळा मोजायचा, आवाजाचा वेगळा. 'रॉक बँड २'च्या गिटारमध्ये प्रकाश आणि आवाज टिपणारे छोटे सेन्सर असतात. गिटार टीव्हीसमोर धरली की ती स्वतःच मोजून घेते. हे आम्हाला माहीत नव्हतं. पहिला बुधवार हातात असलेल्या यंत्राचं फुकटचं काम न करून घेतल्यामुळे वाया गेला.

एक गोष्ट मात्र कॅलिब्रेशनने सुटली नाही. हॉलचे स्पीकर खेळाच्या जागेपासून दहाएक मीटरवर होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला जवळपास ३० मिलिसेकंद. साउंडवाल्याने ड्रमरच्या गुडघ्याशी एक छोटा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यापुरता स्पीकर, ठेवला. त्याच्या धंद्यात हे रोजचंच, आम्ही मात्र चमत्कार बघितल्यासारखे बघत राहिलो.

१५ ऑगस्टला मंगळवार होता आणि ड्राय डे. परमिट रूम बंद, वर जेवण चालू. अण्णा म्हणाले, आज वर लावून बघा. संध्याकाळी सातपासून लावलं. त्या दोन तासांत मी जी माणसं पाहिली ती एरवी या बारच्या दाराशीही आली नसती: झेंडावंदनाचे पांढरे कपडे अजून अंगात असलेली कुटुंबं, आजी, दहा वर्षांची पोरं. एका काकूंनी माईक घेतला आणि इंग्रजी शब्द येत नसल्यामुळे सगळं गाणं "ला ला"वर म्हटलं. गेम शब्द तपासत नाही, सूर तपासतो. काकूंना नव्वदच्या वर टक्के पडले. संपूर्ण हॉल उभा राहिला.

साडेनऊला वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली आले. आवाज चढवला नाही, शांतपणे म्हणाले, "गाण्याचं काही नाही हो, ते ठक-ठक थांबवा." त्यांचं बरोबर होतं. स्पीकर कमी करता येतो. रबराच्या पॅडवर पडणारी लाकडी काडी आणि पेडलचा दणका मात्र स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून इमारतीत शिरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री १० नंतर ५५ डेसिबलची मर्यादा आहे, निवासी भागाला ५५ आणि ४५. पण इथे डेसिबलपेक्षा शेजार मोठा. आम्ही तिथेच आवरलं.

दुसऱ्या दिवशी, १६ तारखेच्या बुधवारी, परत खाली आलो आणि स्पर्धा लावली. सहा संघ. पहिल्या फेरीत तीन बाद झाले. वहीत माझी नोंद आहे: ९.१० ला टेबल चारचं बिल, ९.१५ ला टेबल सातचं. दुसऱ्या फेरीनंतर आणखी एक टेबल उठलं. साडेदहाला अंतिम सामना झाला तेव्हा बघायला वेटर होते, आम्ही होतो आणि ते दोन संघ. जिंकलेल्या चौघांना जेवण फुकट. हरलेल्यांना बसून राहायला काही कारणच उरलं नव्हतं, आणि आम्हीच ते काढून घेतलं होतं.

त्या रात्री गल्ल्यामागे उभं राहून कॅप्टनने जे सांगितलं त्यावरून आमची दिशा बदलली. हा माणूस वीस वर्षं टेबलं सांभाळतोय. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही वाजवणाऱ्याला बघताय. ऑर्डर बघणारा देतो." वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. चार मिनिटं तो ना खातो ना पितो. हॉलमध्ये कुठल्याही क्षणी चार जण वाजवतात आणि चाळीस जण आपली पाळी यायची किंवा दुसऱ्याची फजिती व्हायची वाट बघत बसलेले असतात. त्या चाळिसांची सोय करायची, हा तो पाचवा पर्याय.

मग नियम बदलले. नंबर माणसाला नाही, टेबलाला. ऑर्डर घेताना वेटर केओटीच्या, म्हणजे किचनला ऑर्डर कळवायच्या चिठ्ठ्यांच्या पॅडचं एक पान फाडून त्यावर टेबलाचा नंबर लिहून देणार. ती चिठ्ठी म्हणजे एक गाणं. गाणं झालं की चिठ्ठी परत, पुढची पाहिजे तर पुढची ऑर्डर. नाव कॅप्टन पुकारणार, आम्ही नाही. त्यामुळे ज्या टेबलाचं जेवण आत्ताच आलंय त्याला तो दोन नंबर मागे सरकवायचा, आणि ज्यांचा घास थांबलाय त्यांना पुढे घ्यायचा. हे आम्हाला कधी जमलं नसतं. गेममध्ये 'नो फेल' चालू ठेवलं, म्हणजे कितीही चुकलं तरी गाणं मधेच बंद पडत नाही. नवख्याला सगळ्यात सोपी पातळी, विचारायचं नाही, लावूनच द्यायची.

आणि गाण्यांचं कार्ड. हे सुचायला इतका वेळ लागला याची अजून लाज वाटते. आधी प्रत्येक संघ पडद्यावरच्या लांबलचक यादीत गाणं शोधायचा, त्यात सहा-सात मिनिटं जायची आणि हॉल थंड व्हायचा. आम्ही चार मिनिटांच्या आतली वीस गाणी निवडली, मेनू कार्डासारखी छापली, लॅमिनेट करून टेबलांवर ठेवली. लोक पनीर चिलीबरोबर गाणं ठरवायला लागले.

२३ ऑगस्ट हा चांद्रयानाचा बुधवार. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरलं तेव्हा तिन्ही टीव्हींवर तेच होतं आणि ऑफिसातून सुटलेली माणसं आत येऊन उभी होती. उतरल्यावर घरी कुणाला जायचंय? चिठ्ठ्या त्या दिवशी पहिल्यांदा वापरल्या. दोन माणसांच्या टेबलाला शेजारच्या टेबलातून ड्रमर मिळाला, नंतर ती टेबलं जोडली गेली. पद्धत चांगली होती की दिवसच चांगला होता, हे एका रात्रीवरून सांगता येत नाही. पण ३० तारखेला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, गर्दी कमी असूनही टेबलं अकरापर्यंत बसली. ६ सप्टेंबरला जन्माष्टमी होती. अर्धी वाशी उपाशी, उरलेली दुसऱ्या दिवशीच्या हंडीच्या तयारीत. आम्ही आधीच रद्द केलं.

"आपलं काही नाही का?" या प्रश्नाला १३ सप्टेंबरला एक उत्तर दिलं. संगणकावर 'क्लोन हिरो' नावाचा फुकट गेम आहे. त्यात आपला ताल स्वतः मांडता येतो, आणि आमचा ड्रमसेट त्याला जोडता येत होता. कुणाचं गाणं उचलायचं नाही असं ठरलं होतं. साउंडवाल्याच्या ओळखीच्या ढोल-ताशा पथकाचा सराव तेव्हा जोरात होता. त्यांच्या परवानगीने दीड मिनिटाचा ताल आम्ही स्वतः रेकॉर्ड केला. तो खुणांत मांडायला गेमवाल्याला दोन संध्याकाळी लागल्या, कारण पथक चढत जातं. लय स्थिर नसते, त्यामुळे जवळपास दर आवर्तनाला वेग नव्याने बांधावा लागतो.

त्या रात्री पथकातले दोघे सराव संपवून आले. ताशावाल्याच्या बोटांना अजून चिकटपट्ट्या होत्या. त्याने जाड काड्या हातात तोलून बघितल्या, म्हणाला, "दादा, हे तर मुसळ आहे," आणि सुरू झाला. पडद्यावर चुकीमागून चूक. तो चुकत नव्हता. दोन खुणांच्या मधल्या जागेत ताशा जे भरतो ते तो भरत होता, आणि गेम प्रत्येक जादा ठोका चूक धरत होता. पायाने पेडल मारायची सवय नसल्याने ते रिकामंच होतं, म्हणून त्याचा ढोलवाला जोडीदार गुडघ्यावर बसला आणि पेडलवर मुठीने ढोलाचा ठोका द्यायला लागला. पडद्यावर गुण शून्याच्या आसपास. हॉलमध्ये कुणीही पडद्याकडे बघत नव्हतं.

दुसऱ्यांदा वाजवताना पेडल मधोमध तडकलं.

निष्पत्ती

अण्णांच्या शब्दांत: "फायदा झाला म्हणणार नाही, तोटा झाला नाही म्हणणार." २३ आणि ३० ऑगस्टचा गल्ला श्रावणाबाहेरच्या साध्या बुधवाराजवळ गेला, आधीच्या तीन रात्रींत तसं झालं नव्हतं. खप दारूचा नव्हता. सोडा, मॉकटेल आणि शाकाहारी स्टार्टरचा होता, आणि अण्णांना श्रावणात तेवढंच हवं होतं. कोपऱ्यातले दोन जुने गिऱ्हाईक मात्र बुधवारी परत आले नाहीत. गुरुवारी यायला लागले.

१९ सप्टेंबरला गणपती बसले आणि धंदा आपल्या पायावर उभा राहिला. ५ ऑक्टोबरपासून विश्वचषक सुरू झाला आणि १९ नोव्हेंबरपर्यंत बारमधल्या एकाही टीव्हीवर क्रिकेटशिवाय काही लावायची सोय नव्हती. दर आठवड्याची रात्र तिथे संपली. पुढे महिन्यातून एकदा, ठरेल तेव्हा.

वेगळं काय करता आलं असतं

परवान्यांचं आम्ही उलट्या क्रमाने केलं. हॉटेलात रेकॉर्डेड संगीत वाजवायला ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल, नोव्हेक्स अशा कंपन्यांकडून आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएसकडून परवाने घ्यावे लागतात. अण्णांकडे पार्श्वसंगीताचे कागद होते, म्हणून आम्ही निश्चिंत. त्या कागदांत आमची वीस गाणी बसतात का, हा प्रश्न मी चौथ्या आठवड्यात विचारला. गेमच्या करारातही वापर घरगुती आणि बिगरव्यापारी असावा असं असतं, ते वाचलं त्याहूनही नंतर. पुन्हा करायचं झालं तर हा कागद आधी आणि गिटार नंतर. आणि कदाचित स्वतः रेकॉर्ड केलेल्या तालांवरच रात्र उभी करायची. तेरा तारखेला जे झालं त्यावरून ते जमेल असं मला वाटतं, गेमवाल्याला वाटत नाही. दोन संध्याकाळींत दीड मिनिट, हा त्याचा हिशेब.

दुसरं, फॅमिली सेक्शन आम्ही फार लवकर सोडलं. ठक-ठकीला उपाय होता: २३ तारखेपासून ड्रमखाली व्यायामशाळेत टाकतात ती रबरी मॅट आणि तिच्यावर दुमडलेली सतरंजी घातली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा ग्लाससुद्धा हलायचा थांबला. हे १५ ऑगस्टच्या आधी केलं असतं, आणि वरचा खेळ सात ते साडेनऊ एवढाच ठेवला असता, तर काकूंसारखी माणसं दर आठवड्याला आली असती. वरच्या गृहस्थांना आम्ही नंतर भेटायला गेलो. मॅट दाखवायला बोलावलं, ते आले नाहीत, पण तक्रारही परत आली नाही.

स्पर्धेबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. गेमवाला म्हणतो, हरलेल्यांसाठी दुसरी फेरी ठेवली असती तर चाललं असतं. असेलही. कॅप्टन यावर काही बोलत नाही, नुसता चिठ्ठ्यांचं पॅड दाखवतो.

पेडलचा भाग बाजारात कुठेच मिळाला नाही. शेवटी तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने त्याला खालून पत्र्याची पट्टी बसवून चार स्क्रू मारून दिले. पैसे घेतले नाहीत, हे कशाचं आहे एवढंच विचारलं. आम्ही सांगितलं. तो म्हणाला, बुधवारी कधी असतं ते कळवा.